साक्षीचा स आता कोण ऐकणार?

ताई, तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी शनिवार आला. घरात अजून येणारेजाणारे होते, बायका रडत होत्या, आणि मी पोरीला घरापुढच्या सपरीत समोर बसवलं अन् म्हटलं, चल, आत्याचा अभ्यास करू. तिची आई माझ्याकडं बघतच राहिली. घरातलं माणूस गेलंय आणि हा बाप पोरीचा स घेऊन बसलाय! पण मला दुसरं काही सुचतच नव्हतं. एक शनिवार चुकला की मागचे चार वाया जातात, हे तूच आम्हाला दरडावून सांगितलेलं.

"सकाळ," साक्षी म्हणाली आणि नेहमीसारखी मान वर करून थांबली. तू असतीस तर लगेच म्हणाली असतीस, "गेला नाकातून." नाहीतर नुसती मान हलवली असतीस. मी बघत राहिलो. खरं सांगतो, मला कळलंच नाही. बरोबर होतं का चूक, काही म्हणजे काही कळलं नाही. मी आपलं "बरोबर" म्हणून टाकलं. ती म्हणाली, "खरंच?" मी उठून आत गेलो, पाण्याचा गडवा तोंडाला लावला. 

मी घाबरलोय, ताई. लोकांना वाटतं मी दुःखात आहे. आहेच. पण दुःख बाजूला राहिलंय आणि भीती पुढं येऊन बसलीये. आठ वर्षांची पोर, तुझ्यासारखीच फाटलेली टाळू घेऊन जन्माला आली. आपल्या घराण्यात हे कुठून शिरलं कुणास ठाऊक. तिची टाळू दीड वर्षाच्या आत शिवली, तुझी शिवायला सतरा वर्षं लागली, एवढाच काय तो फरक. पोरगी जेवते, खिदळते, आईशी भांडते. पण स म्हणायला गेली की तोंडातून यायची हवा नाकाकडं निसटते. दहातले सहा-सात आता नीट येतात, असं तू मागच्या महिन्यात म्हणालीस. उरलेले कुठले, हे ओळखणारा कान या घराला एकच होता, आणि तो आंधळगावहून एसटी बदलत बदलत दर शनिवारी एकोडीला यायचा.

नागपूरच्या दवाखान्यात दाखवतोच की आम्ही. ते तीन महिन्यांतून एकदा बोलावतात, छान चाललंय म्हणतात, बाकी घरच्यांनी लक्ष ठेवायचं म्हणतात. घरचे म्हणजे तू होतीस. तिच्या आईचा कान शाबूत आहे, पण ती आई आहे. पोरगी नुसतं "हं" म्हणाली तरी तिला अख्खं वाक्य ऐकू येतं. शाळेतल्या गुरुजींना पोरं आवरता आवरत नाहीत. आणि माझं तर तुला ठाऊकच आहे.

गुरुवारी भाऊजींचा फोन आला तेव्हा मी राईस मिलमध्ये कामावर होतो. पॉलिशर चालू, चाळणी चालू, पट्टे फडफडत होते. मला फक्त "ताई" ऐकू आलं. मी म्हटलं, "जोरात बोला!" ते काहीतरी बोलले. मी पुन्हा ओरडलो, "अहो भाऊजी, जोरात बोला ना, मिल चालू आहे!" तेव्हा त्या गरीब माणसाला घसा फाडून सांगावं लागलं, की तू सकाळी कोशाचं सूत काढता काढता बसल्या जागी कलंडलीस आणि दवाखान्यात न्यायच्या आधीच संपलीस. स्वतःच्या बायकोचं मरण मी त्यांना ओरडून सांगायला लावलं. त्यांच्यासमोर मान वर करायची मला हिंमत होत नाही.

माझा कान गेलाय हे तूच शोधून काढलंस. आठवतं? मी अंगणात पाठ करून बसलो होतो, तू मागं उभी राहिलीस, आणि साक्षी एकदम फिदीफिदी हसायला लागली. मी वळून म्हटलं, काय झालं? तू म्हणालीस, "मामू, मी तुह्या मागं उभी राहून पाच वेळा स म्हटला. लांबच्या लांब. कुकरची शिटी सुटते तसा." मला काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं. मग तू "आ" म्हटलास, हळूच, तो मात्र नीट ऐकू आला. "म" आला, "ल" आला. स आला नाही, श आला नाही. मी चिडलो. म्हटलं, माणसं बोलतात ते सगळं मला समजतं, मी काय बहिरा आहे का! तू म्हणालीस, "तुले समजते, ऐकू येत नाई. बाकीच्या अक्षरांवरून तू जागा भरून काढतं. वीस वर्ष त्या मिलीत राहून बारीक आवाज गेले तुहे. कान दाखवून ये." मी गेलो नाही. अजूनही गेलो नाही. ते काय सांगतील याची भीती वाटते.

आता विचार कर, पोरीचं सगळं अडलंय ते नेमक्या त्याच आवाजापाशी, आणि राखणीला बसलाय तिचा बाप.

तुझं शिकवणं मात्र मी डोळ्यांनी पाहून पाहून पाठ केलंय. पहिल्यांदा ह. तळहात तोंडासमोर धरायचा, नुसता उच्छ्वास सोडायचा, वाटेत काही आडवं आणायचं नाही. हाताला ऊब लागली की ह झाला. मग त. जिभेचं टोक वरच्या दातांमागं, हिरडीला टेकवायचं आणि सोडायचं. त त त त. त वाजतो आणि संपतो, त्याला धरून ठेवता येत नाही. मग तू म्हणायचीस, "आता टेकवू नको. टेकता टेकता थांब." केसभर फट राहिली, जीभ मधोमध पन्हळीसारखी झाली आणि दात जवळ आले, की त्याच जागी त्स, त्स, त्स्स्स. हाताला गार, बारीक झोत लागायचा. दम असेपर्यंत तो धरता येतो. गळ्यावर बोट ठेवलं तर गळा थरथरत नाही, सगळं काम त्या फटीचं. नागपूरच्या दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी तुला या अक्षरांचं नाव सांगितलं होतं, घर्षक. हवा घासत जाते म्हणून. तू एवढ्या ऐटीत तो शब्द सांगायचीस, जसं काही तुलाच बक्षीस मिळालंय.

पण पोरीला तू घर्षक-बिर्षक काही सांगितलं नाहीस. तिला तू धानाच्या बांधीवर, पाण्यानं भरलेल्या खाचरावर नेलंस. बांधीचं तोंड जरासं उघडलंस आणि चिंचोळ्या वाटेनं पाणी कसं आवाज करत जातं ते ऐकवलंस. मग बांधाच्या धुऱ्याला खेकड्यानं पाडलेलं भोक दाखवलंस. म्हणालीस, "हे भोक असन तं वरच्या तोंडाले पानीच येत नाई, मंग आवाज कुठून येईन? तुह्या नाकाकडं असं भोक आहे. डॉक्टरनं ते शिवलं, पन हवेले जुनी वाट ठावी आहे. तिले नवी वाट दाखवा लागते." पोरीला एका दमात समजलं. मलाही तेव्हाच समजलं, आणि मी तर जन्मापासून तुझं बोलणं ऐकत आलेला.

नाकाखाली आरसा धरायचीस. एकटा स म्हणताना आरशावर वाफ आली तर हवा नाकातून गेली. त्या शनिवारी, तू नसताना, माझी सगळी भिस्त त्या आरशावर होती. पण शब्द सुरू झाले, वाक्य सुरू झालं, की त्यात म येतो, न येतो, ते नाकातलेच. आरसा ओला होणारच. तिथून पुढं कानच लागतो. हे तू मला सांगितलं होतंस, मीच लक्षात ठेवलं नव्हतं. काच पुसत बसलो होतो वेड्यासारखा.

आणि जे मी केलं ते तर विसरायची सोयच नाही. पोरगी चार वर्षांची असताना तिचं बोलणं लोकांना कळेना, तर मी तिला रोज समोर उभी करून ओरडायचो, "जोरात बोल! आणखी जोरात!" मिलमध्ये आम्ही असंच बोलतो. ऐकू आलं नाही की जोरात, तरी आलं नाही की आणखी जोरात. मला वाटलं सगळ्याला हेच औषध. पोरीनं जोर लावला. तोंडात हवा थांबेना, तर तिनं ती गळ्यातच अडवायला सुरुवात केली. प्रत्येक स च्या जागी गळ्यातून एक ठसका. मी खूश, आवाज वाढला म्हणून! नवं धान निघालं तेव्हा तू आलीस, पोरीला दोन वाक्यं बोलायला लावलीस, मला बाहेर नेलंस आणि कपाळावर हात मारून घेतलास. "मामू, हे काय करून ठेवलं रे! हिले जोर नाई लागत, वाट लागते." तो ठसका मोडायला तुला दोन वर्षं लागली. पण तू तिच्यासमोर मला एकदाही बोलली नाहीस, बाहेर पुढं काय काय बोललीस ते जाऊ दे.

मामू! जगात कुठली मोठी बहीण लहान भावाला मामू म्हणते? लहानपणी तुला बाबू म्हणताच यायचं नाही, ब चा म व्हायचा. नंतर ब आला, साफ आला, तरी तू मामूच म्हणत राहिलीस. मिलमधली पोरं अजून चिडवतात. आता चिडवू देत, म्हणणारी गेली.

एक गोष्ट मी तुला कधी बोललो नाही, ती आता बोलतो. तू बारा वर्षांची होतीस, मी नऊ. विहारात पौर्णिमेला पोरापोरींना पाळीपाळीनं बुद्धवंदना सांगायला उभं करायचे. एकानं ओळ सांगायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची. तुझी पाळी आली. तू नाकातून सांगितलीस, तुला दुसरं येतच नव्हतं, आणि मागं बसलेल्या पोरांनी ती नाकातूनच म्हटली. ओळ न ओळ. मोठ्यांनी दटावलं तरी थांबेनात. तू शेवटपर्यंत सांगितलीस. ताई, त्या पोरांत मीही होतो. नाक दाबून म्हणत होतो. तुला माहीत होतं की नाही, मला कधी कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, आणि माफी मागायची तर त्याहून नाही.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याच्या पुढल्या वर्षी तुला नागपूरला नेलं. तिथं दवाखान्याच्या खिडकीवरच्या माणसानं नाव विचारलं. तू "सुशीला" सांगितलंस, त्याला कळेना. तीनदा सांगितलंस. शेवटी मी सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण तुझा चेहरा मी पाहिला. मग ऑपरेशन झालं, टाके निघाले, तू पहिल्यांदा तोंड उघडलंस, आणि आवाज तोच! तुला वाटलं होतं शिवलं की बोलणं बदलेल. तू त्या दिवशी इतकी घाबरलीस की जेवली नाहीस. बाईंनी समजावलं, डॉक्टरनं वरचं छत नीट करून दिलं, आता खाली राहायला तुलाच शिकावं लागेल. ते तू दीड वर्षात शिकलीस. हात कोशाच्या सुतात आणि तोंडात दिवसभर त्स, त्स, स्स्स. सासरी गेलीस तेव्हा आख्ख्या एकोडीत शाळेला "शाळा" म्हणणारी तू एकटी होतीस, आम्ही सगळे "साळा" म्हणणारे. मला इतका अभिमान वाटायचा, आणि तोसुद्धा मी तुला सांगितला नाही.

म्हणून तर मी पोरीच्या श साठी मागं लागलो होतो. तू ऐकत नव्हतीस. "आधी स पक्का होऊ दे. श ले जीभ मागं न्या लागते, ओठ गोल करा लागते, दोन वाटा एकाच वेळी दाखवल्या तं पोरगी भटकन." मी म्हणायचो, नावातच दोन्ही आहेत तिच्या, स पण आणि क्ष मधला श पण. त्यावर तू भडकायचीस, "नाव कोनं ठेवलं साक्षी? मले विचारलं होतं काय? पोरीले जन्मभर आपलं नाव सांगावं लागते, रे बैला!" आणि मग तू वंदना घ्यायचीस तिच्याकडून, पाली भाषेत श नाहीच, सगळा स च स, म्हणून.

आपलं शेवटचं भांडण त्याच वंदनेवरून झालं. तू जाण्याआधीचा शनिवार. तू म्हणालीस, या पौर्णिमेला साक्षी विहारात सांगन. मी म्हटलं, नाही. तू म्हणालीस, "तयारी आहे तिची." मी म्हटलं, हसतील. "हसले तं हसले." आणि मी म्हणालो, ताई, मी ते शब्द कसे म्हणालो कळत नाही, मी म्हणालो, "तुह्यावर हसले तेवढं पुरे नाई झालं काय?" पोरगी तिथंच होती. तू पिशवी उचललीस, चहा उतू चालला होता तो तसाच सोडून बस स्टॉपवर गेलीस. मी मागं आलो नाही. वाटलं, पुढच्या शनिवारी येईलच की, जाते कुठं.

काल आंधळगावला तुझ्या दारात पुण्यानुमोदनाचा, तुझ्या नावच्या वंदनेचा, कार्यक्रम झाला. मांडव टाकला होता, तुझा फोटो ठेवला होता, तो लग्नातला, ज्यात तू ओठ मिटून घेतलेत. वंदना कोण सांगणार म्हणून भाऊजींनी विचारलं, आणि माझ्याशेजारची साक्षी उठली. "आत्यासाठी मी सांगतो." ही पोरगी अशीच बोलते, सांगतो, जातो, तुझ्याकडूनच उचललेलं. मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला. सगळे बघत होते, मी काय करणार? ती पुढं गेली. पुढच्या सतरंजीवर बारा-तेरा वर्षांची सात-आठ पोरं बसली होती. मी त्यांच्या पाठीच पाहत होतो. खांदे हलले की समजायचं हसतायत.

तिनं सुरू केलं. तिचा आवाज मला येत होता, स येत नव्हते. ओळींना जागोजागी भोकं पडल्यासारखी. ती चुकत होती की नाही, मला काय कळणार? एका पोरानं शेजारच्याकडं मान वळवली, मी अर्धा उठलो. आज कोणी हसला असता तर मी तिथंच, तुझ्या फोटोसमोर, त्याच्या मुस्काटात मारली असती. तो पोरगा फक्त डास मारत होता. मागून सगळ्यांनी ओळ म्हटली, साधी, जशी म्हणतात तशी. मीही म्हटली. 

संपलं तेव्हाही भीती गेली नाही. लोक उठले, बायकांनी पोरीला जवळ घेतलं, "किती छान सांगतलं वं माय" म्हणाल्या. मेलेल्या माणसाच्या दारात कोण वाईट बोलतं? त्यांच्या म्हणण्यावर मी विश्वास ठेवणार नव्हतो. मला तू हवी होतीस. एकदा, फक्त एकदा, मान हलवायला.

साक्षी माझ्याकडं आली. तोंड पाडून. मला वाटलं, कोणी काहीतरी बोललं.

"बाबा, चार वेळा नाकातून गेला," ती म्हणाली. "तीनदा मधात, अन एकदा शेवटी. शेवटचा मी लोकं म्हनत होते तवा हळूच पुन्हा म्हनून पाहिला. मंग आला बरोबर."

मी आजूबाजूला पाहिलं. तिच्याजवळ कोणी नव्हतं. म्हटलं, "तुले कोनं सांगतलं?"

"कोन सांगन?" ती माझ्याकडं अशी पाहत होती, जसा मी काही अगदीच ढ आहे. "मले ऐकू येते ना."

ताई, तिले ऐकू येते वं.